पाचव्या खांबाचे आमदार

आमदार भिकाजी आंगणे यांच्या कार्यालयात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं आणि भलत्याच माणसाला नमस्कार केला. मुलुंडच्या एका जुन्या चाळीत तळमजल्यावरची ती खोली. एक टेबल, टेबलामागे हातांची एकुलती एक खुर्ची आणि भिंतीला लागून लांब लाकडी बाक. खुर्चीत पन्नाशीच्या, नऊवारीतल्या एक बाई ऐसपैस बसून तावातावाने बोलत होत्या, आणि बाकावर बसलेला एक काटक माणूस मांडीवर वही घेऊन त्यांचं बोलणं उतरवून घेत होता. मी बाईंसमोर हात जोडून म्हटलं, "मॅडम, टायपिस्टच्या जागेसाठी आलेय." बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हनुवटीने बाकाकडे दाखवत म्हणाल्या, "मी नाय गो. आमदार तो, थंय बाकार बसलोसा."

आंगणे यांना सगळे भाऊ म्हणत, आणि भाऊंची ही रीतच होती. गाऱ्हाणं घेऊन आलेल्याने आमदाराच्या खुर्चीत बसायचं आणि आमदाराने बाकावर. नवखी माणसं फार संकोचायची. खुर्चीच्या कडेला टेकून, पायावर पाय घासत बसायची. भाऊ घाई करत नसत. चहा यायचा, गावाकडची चौकशी व्हायची, हळूहळू माणसाची पाठ खुर्चीला टेकायची आणि मग खरी गोष्ट बाहेर यायची. मी एकदा कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "बाकार बसलो की माणूस रडता. खुर्चीत बसलो की मुद्द्याचा बोलता." एकदा एक बडे बांधकामवाले आले आणि कुणी सांगायच्या आत खुर्चीत जाऊन बसले. भाऊंनी त्यांना उठवून बाकावर आपल्या शेजारी बसवलं. ज्याला खुर्चीची सवय आहे त्याला बाकच बरा, असं नंतर मला सांगून पोट धरून हसले.

माणूस मालवणकडचा. वीस-बावीस वर्षं गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, काढलेली, त्यामुळे कानाला थोडं कमी ऐकू यायचं आणि बोलणं मोठ्याने. पंच्याऐंशी साली निवडून आले. आमच्या घरी, मुलुंडच्या सोसायटीत, राजकारण हा शब्द पायताणं बाहेर काढून ठेवावीत तसा दाराबाहेर ठेवलेला असे. आमदाराकडे नोकरी म्हटल्यावर आईने दोन दिवस अबोला धरला. मी तिला सांगितलं, बँकेचा कॉल येईपर्यंतच आहे. तो कॉल यायला चार वर्षं लागली आणि खरं सांगायचं तर शेवटची दोन वर्षं मी त्याची वाटही बघत नव्हते.

कामाला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या टायपिंगच्या क्लासात शिकलेल्या सगळ्या विनम्रतेची वाट लागली. अर्जात "कृपावंत होऊन" किंवा "आपले उपकार होतील" असं काही दिसलं की भाऊंची लाल पेन्सिल चालायची. उपकार कसले, पगार घेतात ते, असं म्हणायचे. उलट अपमानाचा शब्दही चालायचा नाही. काय हवं, कुणाला हवं, कुठल्या नियमाने हवं, बस्स. उत्तर आलं नाही की पंधरा दिवसांनी पुन्हा पत्र. त्याचंही उत्तर आलं नाही की पुन्हा. एका दिव्याच्या खांबासाठी मी अकरा पत्रं टाइप केली तेव्हा बोटं दाखवून कुरकुरले. भाऊ शांतपणे म्हणाले, "शैलाबाय, लिवणारो दमलो की वाचणारो जिंकलो. तू दमा नको." बाराव्या पत्राला दिवा लागला.

त्या पहिल्या दिवशी खुर्चीत बसलेल्या बाई म्हणजे गावडेकाकी. नाहूरच्या पलीकडे, खाडीलगतच्या खाजणाच्या अंगाला, उच्च दाबाच्या तारांचे मोठे लोखंडी मनोरे जातात. रस्त्यापासून मोजत गेलं की पाचव्या मनोऱ्याच्या आसपास तीनशेएक घरांची वस्ती होती. तिला सगळे पाचवा खांब म्हणायचे. बहुतेक घरं कोकणातली, परळ-लालबागला राहिलेली. संपानंतर गिरणी सुटली, तिकडची खोली सुटली आणि माणसं इथे आली. काकींचे यजमान आता एका कारखान्यावर वॉचमन होते. काकी सुरुवातीला दर आठवड्याला डबा घेऊन परळच्या रेशन दुकानातून राकेल आणायच्या. मग तिकडच्या दुकानदाराने, तुम्ही इथे राहत नाही म्हणून, कार्डावरचं नाव कमी केलं. इकडे नवं कार्ड मिळेना. त्या काळात रेशनकार्ड नाही म्हणजे राकेल नाही, साखर नाही, पोरांना शाळेत दाखला नाही, नोकरीच्या अर्जाला पुरावा नाही. माणूस आहे, पण कुठल्याच कागदावर नाही. पाचव्या खांबावरची सगळी घरं याच फेऱ्यात अडकली होती.

भाऊ काकींना घेऊन शिधावाटप कार्यालयात गेले, सोबत मी. बाहेर रांग होती, काकींचा नंबर सदतिसावा. भाऊ त्यांच्या मागे उभे राहिले. पाच मिनिटांत आतून साहेब धावत आले आणि आत चला म्हणून आर्जवं करू लागले. भाऊ म्हणाले, काम बाईंचं आहे, बाईंचा नंबर आला की येतो. आता आमदार उन्हात उभा आणि आपण पंख्याखाली, हे साहेबांना झेपेना. त्यांनी बंद असलेल्या दोन खिडक्या उघडल्या, जेवायला गेलेले कारकून बोलावून घेतले आणि तासभरात छत्तीस माणसं निकालात काढली. त्या कार्यालयाने तसा वेग पूर्वी कधी पाहिला नव्हता. नंतर लोक आमच्याकडे येऊन म्हणायचे, "भाऊ, काय बोलू नका, नुसते येऊन रांगेत उभे राहा ना."

पण काकींचा नंबर आला तेव्हा गाडी अडली. साहेबांनी वही उघडून दाखवली. पाचवा खांब नावाची वस्ती त्यांच्या यादीत नव्हती. ती जमीन एका सर्व्हे नंबराने नोंदलेली, तिच्यावर घरं असल्याची नोंदच नाही, तर कार्ड कुठल्या पत्त्यावर द्यायचं? साहेबांनी तो सर्व्हे नंबर एका चिठोऱ्यावर लिहून दिला. मी तो फायलीत ठेवला. पुढे दीड वर्ष पत्रव्यवहार झाला. भाऊंच्याच पक्षातली माणसं त्यांना समजावू लागली की, त्या लोकांची नावं अजून परळच्या मतदारयादीत आहेत, तिथलं एक मत तुम्हाला पडणार नाही, कशाला डोकं फोडताय. भाऊ ऐकू न आल्यासारखं करायचे. कमी ऐकू येण्याचा त्यांना असा उपयोग होता.

शेवटी त्यांनी अर्थसंकल्पी अधिवेशनासाठी तारांकित प्रश्न द्यायचं ठरवलं. मंत्र्यांना सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागेल असा प्रश्न. मला मजकूर सांगितला आणि बजावलं, "वस्तीचा नाव घाल आणि सर्व्हे नंबरय घाल. दोन्ही." प्रश्न दाखल करायचा शेवटचा दिवस होता. फाईल एव्हाना उशीएवढी फुगलेली. तो चिठोरा मला दहा मिनिटांत सापडला नाही आणि अकराव्या मिनिटाला मी शोधायचं सोडून दिलं. पाचवा खांब सगळ्यांना माहीत आहे, मंत्रालयाला नसेल काय, असं स्वतःला समजावून नुसतं नाव घातलं. भाऊंनी घाईत सही केली. तीनशे घरांचं भवितव्य मी माझ्या आळसापायी टांगणीला लावलं होतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

उत्तरांची छापील यादी आदल्या दिवशी दुपारी हातात आली. आमचा प्रश्न होता: नाहूर येथील पाचवा खांब या वस्तीतील कुटुंबांना शिधापत्रिका देण्यात आलेल्या नाहीत, हे खरे आहे काय, असल्यास, त्याची कारणे काय आहेत? खाली उत्तर: हे खरे नाही. या नावाची वस्ती अस्तित्वात नाही. आणि त्याखाली: प्रश्न उद्भवत नाही.

भाऊंनी दोनदा वाचलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "सर्व्हे नंबर खंय?" मी खरं काय ते सांगून टाकलं. चिठोरा शोधला नाही, आळस केला. भाऊंनी ती छापील यादी टेबलावर पालथी घातली. त्या चार वर्षांत मला त्यांची भीती वाटली ती तेवढी एकदाच. मग म्हणाले, उद्या हे उत्तर सभागृहात गेलं आणि मी गप्प राहिलो, तर पाचवा खांब नाही हे विधानसभेच्या कागदावर कायमचं राहील. यापुढे कुठलाही कारकून तो कागद काढून दाखवील. मला रडू आवरेना. मी राजीनामा देते म्हटलं. तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क हसू होतं. नंबर घातला असता तर त्यांनी "बाब विचाराधीन आहे" असं लिहिलं असतं, असं त्यांचं म्हणणं. विचाराधीन म्हणजे दहा वर्षं. "आता त्यांनी लिवल्यानी, वस्ती नाय. मग माका एकच काम रवला. आसा म्हणान दाखवूचा. उठ, तोंड धू."

संध्याकाळी आम्ही पाचव्या खांबावर गेलो. दिवेलागण झाली होती, पण दिवे फारसे कुठे नव्हते. माणसं जमली. भाऊंनी विचारलं, या जागेचं नाव असलेला सरकारी कागद कुणाकडे आहे? कुणाकडेच नव्हता. कुणी परळची भाडेपावती आणली, कुणी गिरणीचा बिल्ला. काकी वैतागून म्हणाल्या, "सरकारचा कायेक हंय येणा नाय. येतत ती नुसती गावची पत्रां."

भाऊ थांबले. "पत्रां कोण हाडता?"

"पोस्टमन."

"आणि पोस्टमन कोणाचो?"

काकींना काय तो प्रकाश पडला आणि त्या पदर खोचून घरात धावल्या. आमच्याकडे, म्हणजे कोकणातल्या माणसांकडे, आलेलं पत्र कुणी फाडत नाही. खिळ्याला एक वाकवलेली तार अडकवलेली असते, वाचलेलं पत्र तिच्यात टोचून ठेवायचं. वर्षानुवर्षांची पत्रं त्या तारेत एकावर एक बसलेली असतात. अर्ध्या तासात घराघरांतून त्या तारा बाहेर आल्या. शिमग्याला या, आंब्याला मोहोर चांगला धरलाय, गाय व्याली, असल्या मजकुराची पोस्टकार्डं आणि आंतर्देशीय पत्रं. प्रत्येकावर पोस्टाचा शिक्का आणि पत्ता एकच: पाचवा खांब, नाहूर, मुंबई. भाऊंनी तार आणलेल्या प्रत्येक घराला विचारून एकेक पत्र घेतलं. दीडशेच्या वर जमली. लिहिता-वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्यांनीही आपलं पत्र बरोबर ओळखून दिलं.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी काकींसाठी आणि माझ्यासाठी प्रेक्षक कक्षाचे पास काढले. विधानभवनाची ती नवी गोल इमारत पाहून काकी म्हणाल्या, एवढी जागा आहे तर इथेच का नाही राहायला देत. आत बसल्यावर पहारेकऱ्याने बोलायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, हे दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा खास काकींना.

आमच्या प्रश्नाचा पुकारा झाला. मंत्र्यांनी छापलेलं उत्तर वाचलं आणि बसले. भाऊ उपप्रश्नाला उठले. हातात सुतळीने बांधलेला पत्रांचा गठ्ठा. म्हणाले, "अध्यक्ष महाराज, मंत्रिमहोदय म्हणतात, पाचवा खांब नाही. मग ही दीडशे पत्रं पोस्टाने कुणाला पोचवली?" अध्यक्षांनी, सभागृहात वस्तू दाखवू नयेत, अशी समज दिली. भाऊ म्हणाले, दाखवत नाही, नुसते पत्ते वाचतो. आणि वाचू लागले. दहा-बारा पत्ते झाले तेव्हा मंत्री उठून म्हणाले की, पोस्ट खातं केंद्र सरकारचं आहे, त्याच्याशी राज्य शासनाचा संबंध नाही.

"तेच विचारतोय, अध्यक्ष महाराज," भाऊ म्हणाले. "जी वस्ती दिल्लीच्या सरकारला सापडते, ती नरिमन पॉइंटला बसून मुंबईच्या सरकारला का सापडत नाही?"

सत्ताधारी बाकांवरही हशा पिकला. मंत्रीसुद्धा हसले. भाऊ मात्र हसले नाहीत. हशा ओसरेपर्यंत थांबले आणि मग गठ्ठ्यातलं सगळ्यात वरचं कार्ड काढलं. ते काकींच्या आईचं होतं, गावच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. भाऊंनी काकींना आधी विचारलं होतं. मोठ्या, गिरणीतल्या आवाजात त्यांनी एकच ओळ वाचली: "थंय तुका राकेल गावता काय? गावणा नसात तर शिमग्याक येशीत तेव्हा हयसून डबो घेवन जा."

 सभागृहात बसलेल्या कितीतरी जणांची आई गावाला होती. माझ्या शेजारी काकी ताठ बसल्या होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पहारेकऱ्याला दिलेला शब्द त्यांनी मोडला नाही. मंत्री उठले. माणूस सरळ असावा. कागद बाजूला ठेवून म्हणाले की, मला दिलेली माहिती चुकीची आहे. अध्यक्षांनी प्रश्न राखून ठेवला. दोन दिवसांनी तो पुन्हा आला तेव्हा मंत्र्यांनी वस्ती आहे हे मान्य केलं, आणि अधिकारी वस्तीत जाऊन महिनाभरात कार्डं देतील असं सभागृहात सांगितलं.

आणि दिली. तेच शिधावाटपाचे साहेब टेबलखुर्ची घेऊन मनोऱ्याखाली आले. पत्त्याच्या रकान्यात ते सर्व्हे नंबर लिहू लागले तेव्हा भाऊंनी अडवलं, आणि सभागृहात मान्य झालेलं नावच लिहायला लावलं. पहिलं कार्ड काकींचं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, वाच. मी मोठ्याने वाचलं: लक्ष्मी गोविंद गावडे, पाचवा खांब, नाहूर. मागची बाई म्हणाली, माझंही वाच. मग तिच्या मागची. ज्यांना वाचता येत होतं त्यांनीही आपलं कार्ड पुढे केलं. त्या दिवशी मी तोच पत्ता तीनशे वेळा वाचला. शेवटी आवाज बसला. कुणालाही कंटाळा आला नाही, मलाही नाही. बँकेत नंतर मी खूप आकडे वाचले, पण इतक्या अभिमानाने काही वाचलं नाही.

भाऊ एकदाच निवडून आले. पुढच्या खेपेला थोडक्यात पडले. पक्षातल्या लोकांनी पाचव्या खांबाचं उदाहरण देऊन, आम्ही सांगितलं होतं ना, असं ऐकवलं. भाऊंनी नेहमीप्रमाणे ते ऐकलं नाही. मी बँकेत लागले, ते काही वर्षांनी गावी गेले आणि तिकडेच वारले. त्यांच्यावर कुठे फारसं छापून आलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. पण त्यांची आठवण आली की मला ना विधानसभा आठवते, ना तो हशा. आठवते ती कार्डं मिळाल्यानंतरच्या आठवड्यातली एक सकाळ.

आम्ही दोघं नाहूरच्या रेशन दुकानासमोरून चाललो होतो. आतून काकींचा आवाज येत होता. दुकानदाराने मापात घातलेला तांदूळ त्यांनी मूठभर हातात घेतला होता आणि त्यातले खडे एकेक करून फळीवर मांडत होत्या. दुकानदार म्हणाला, हाच माल आहे, हवा तर घ्या. काकींनी पिशवीतून कार्ड काढून खड्यांच्या शेजारी ठेवलं. "ह्यां बघ. नाव आसा, पत्तो आसा. तांदूळ बदल, नायतर तुझ्या सायबाकडे मी एकटी जातंय."

मी म्हटलं, "भाऊ, जाऊ या का आत?" भाऊंनी माझा दंड धरून मला मागे ओढलं. आम्ही रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिलो. दुकानदाराने जरा वेळ वाद घातला, मग चरफडत नवं पोतं फोडलं. काकींनी तांदूळ पुन्हा मोजून घेतला, पिशवीची गाठ मारली, कार्ड पदराला पुसून आत ठेवलं आणि आमच्याकडे न बघता तरातरा निघून गेल्या. त्यांनी आम्हाला पाहिलंच नव्हतं.

भाऊ त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले. धोतराच्या सोग्याने त्यांनी डोळे टिपले, लपवलं नाही. मग म्हणाले, "शैलाबाय, आता मी निवडणुकीत पडलंय तरी चलात."